एका मिलिमीटरसाठी: एअर पिस्तुलाची साईट सरकवण्याचं परवडणारं अवजार निवडताना

पार्श्वभूमी

जालना जिल्ह्यात एका जुन्या कापसाच्या गोदामात आमचं छोटं शूटिंग केंद्र चालतं. दहा मीटरच्या पाच लेन, हाताने ओढायचे कागदी टार्गेट, पश्चिमेला एक मोठी खिडकी. जुलै २०२४ मध्ये मनू भाकरला पॅरिसमध्ये १० मीटर एअर पिस्तुलात कांस्य मिळालं आणि पुढच्या दोन महिन्यांत आमच्याकडे मुलांची रांग लागली. त्यात मुली जास्त. बहुतेक शेतकऱ्यांच्या घरच्या, काही स्टीलच्या कारखान्यात काम करणाऱ्यांच्या. पिस्तूल विकत घेणं यांतल्या एकाच्याही आवाक्यात नाही. केंद्राची चार सरावाची पिस्तुलं आहेत, एक-दोन-तीन-चार असे नंबर रंगवलेली, आणि सगळी मुलं त्यांवरच खेळतात.

ही घटना त्यातल्या तीन नंबरच्या पिस्तुलाची आहे. खेळाडूंची नावं आणि ओळखीच्या खुणा मी वगळल्या आहेत. आकडे आमच्या सरावाच्या वहीतले आहेत.

ज्यांना हा खेळ नवा आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. दहा मीटरच्या पिस्तुलाला दुर्बीण नसते. मागे खाच असलेली रिअर साईट, नळीच्या टोकाला उभं पातं, म्हणजे फ्रंट साईट. जुनी माणसं तिला माशी म्हणतात. खाचेत पातं मधोमध, दोन्ही बाजूंना सारखा उजेड, वरच्या कडा एका रेषेत, एवढंच पाहायचं. टार्गेटवरचं दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचं असतं आणि पुढचं प्रत्येक वर्तुळ बाहेरच्या बाजूला ८ मिलिमीटरने वाढतं. छर्रा ४.५ मिलिमीटरचा. इथे साईट केसभर हलली तरी गुण जातात.

अडचण

तीन नंबरचं पिस्तूल पंधरा वर्षांच्या एका मुलीकडे होतं. शांत मुलगी, मनगट पक्कं. दहा गोळ्यांच्या सिरीजमध्ये ९०-९१ गुण सहज यायचे. उन्हाळ्याची सुट्टी संपून ती आजोळहून परत आली आणि पहिल्याच आठवड्यात ८०-८१ वर आली. गोळ्या विखुरलेल्या नव्हत्या. एका जागी, नाण्याएवढ्या घेरात पडत होत्या, पण केंद्राच्या उजवीकडे, जवळजवळ सगळ्या आठच्या वर्तुळात.

ती मला म्हणाली, "सर, उजवीकडे जातंय."

मी तिचा हात पाहिला आणि म्हणालो, "अंगठा दाबतेस तू. सैल सोड."

उजव्या हाताच्या नेमबाजाने ट्रिगर ओढताना अंगठ्याचा किंवा बोटाचा जोर जास्त दिला तर गोळी उजवीकडे जाते, हे खरंच आहे. त्यामुळे माझं निदान पुस्तकात बसत होतं. शिवाय नव्या मुलांनी साईटच्या स्क्रूला हात लावायचा नाही असा आमचा नियम होता. तिने तो पाळला. तीन आठवडे ती अंगठा सुधारत राहिली. ग्रिप बदलली, बोट ट्रिगरवर मागे-पुढे ठेवून पाहिलं. त्या खटाटोपात गोळ्यांचा गट मोठा झाला, पण राहिला उजवीकडेच. एक दिवस सराव संपल्यावर ती पिस्तूल पुसत बसली होती आणि रडत होती. तेव्हा कुठे मला जाग आली.

दोष कुणाचा, हातांचा की लोखंडाचा?

दुसऱ्या दिवशी मी तिला एक नंबरचं पिस्तूल दिलं. पाचच गोळ्या मारायला लावल्या. पाचही दहा आणि नऊमध्ये, मधोमध.

ही चाचणी दोन मिनिटांची होती. ती मी पहिल्याच दिवशी करायला हवी होती. पिस्तूल बदलून पाहणं ही सगळ्यात स्वस्त तपासणी आहे आणि तिला कुठलंच अवजार लागत नाही.

मग उलट बाजूने खात्री केली. तीन नंबर मी स्वतः, ती आणि एक मोठा मुलगा अशा तिघांनी वाळूच्या पिशवीवर मनगट टेकवून प्रत्येकी दहा गोळ्या मारल्या. तिघांचे गट वेगवेगळ्या आकाराचे, पण मध्य एकच: केंद्राच्या उजवीकडे साधारण २२ मिलिमीटर. छर्ऱ्याचा डबा बदलून पाहिला, फरक नाही. खिडकीचा संशय होता, कारण दुपारनंतर पश्चिमेचा उजेड पात्याच्या एका कडेवर पडला की ती कड चमकते आणि डोळा फसतो. म्हणून ताटलीत कापूर पेटवून त्याची काजळी पात्याला धरली. पातं मखमलीसारखं काळं झालं, कडा धारदार दिसायला लागल्या, नेम धरायला सुख वाटलं. गट मात्र तिथेच.

शेवटी रिअर साईटचा बाजूचा स्क्रू तपासला. तो डावीकडे पार शेवटपर्यंत फिरवलेला होता. गोळी डावीकडे न्यायची तर रिअर साईट डावीकडे न्यावी लागते, आणि इथे न्यायला जागाच उरली नव्हती. म्हणजे कुणीतरी आधीच सगळ्या क्लिक, म्हणजे स्क्रूचे एकेक टप्पे, संपवल्या होत्या आणि तरीही पिस्तूल २२ मिलिमीटर उजवीकडे मारत होतं.

आता नजर पुढे गेली. फ्रंट साईट नळीच्या टोकाच्या ठोकळ्यावर डव्हटेलच्या, म्हणजे तळाशी रुंद आणि तोंडाशी अरुंद अशा, खाचेत बसवलेली असते. व्हर्नियरने, म्हणजे बारीक मापाच्या पट्टीने, मोजलं: साईटच्या पायापासून ठोकळ्याच्या डाव्या कडेपर्यंत २.३० मिलिमीटर, उजव्या कडेपर्यंत ४.४६. दोन्ही सारखे, म्हणजे ३.३८ हवेत. साईट १.०८ मिलिमीटर डावीकडे सरकली होती. आणि फ्रंट साईटचं गणित रिअरच्या उलट असतं: ती डावीकडे गेली की गोळी उजवीकडे जाते.

हिशेबही जुळत होता. या पिस्तुलाच्या दोन साईटमधलं अंतर २८० मिलिमीटर. दहा मीटरला २८० ने भागलं तर साधारण ३६ येतात, म्हणजे साईटवरचा एक मिलिमीटर टार्गेटवर ३६ मिलिमीटर होतो. रिअर साईट मध्यापासून अर्धा मिलिमीटर डावीकडे होती, तिने १८ मिलिमीटर वाचवले होते. उरलेले २२ मिळून ४० मिलिमीटर. चाळीसला ३६ ने भागा, १.१ येतात. कागदावरून काढलेला आकडा आणि व्हर्नियरचा आकडा इतके जवळ आले तेव्हा मला जो दिलासा मिळाला, तो सांगता येणार नाही. मुलीचा हात निर्दोष होता.

ही साईट सरकली कशी, ते नंतर कळलं. सुट्टीत एका लहान मुलाच्या हातून पिस्तूल टेबलावरून फरशीवर पडलं होतं, टोकावर. गोळ्या भलतीकडे जाताहेत हे पाहून त्याने स्क्रू फिरवता येईल तेवढा फिरवला आणि पिस्तूल गुपचूप जागेवर ठेवलं. मी विचारलं तेव्हा मान खाली घालून म्हणाला, "तुम्ही रागवताल म्हणून नाही सांगितलं, सर." तो चुकीचं बोलत नव्हता. मी रागावलोच असतो.

पर्याय

काम स्पष्ट होतं: फ्रंट साईट सुमारे १.१ मिलिमीटर उजवीकडे सरकवणं आणि रिअर पुन्हा मध्यावर आणणं. जिल्ह्याच्या स्पर्धेला पाच आठवडे होते. केंद्राच्या खात्यात दुरुस्तीसाठी चार हजारांच्या आसपास रक्कम होती.

पहिला पर्याय पुण्याच्या कारागिराकडे पाठवण्याचा. तो विश्वासाचा आहे, पण त्याच्याकडे रांग होती आणि पिस्तूल सहा आठवड्यांनी परत मिळालं असतं. उत्पादकाचं मूळ अवजार परदेशातून मागवावं लागणार होतं. चार पिस्तुलांसाठी तो खर्च मला पटेना.

दुसरा, हातोडी आणि पंच, म्हणजे ठोके द्यायची छोटी दांडी. सगळ्यांनी हाच सुचवला. पितळी पंच घेऊन हलके ठोके देत साईट सरकवणं ही जुनी पद्धत आहे आणि अनुभवी हातात ती चालते. माझी अडचण वेगळी होती. काही वर्षांपूर्वी दोन नंबरच्या पिस्तुलावर कुणीतरी लोखंडी पंच वापरला होता. साईटच्या पायावर आजही खड्डा आहे आणि डव्हटेलची कड चेपलेली आहे. शिवाय नळीचं टोक हवेत असतं, खालून नीट आधार न देता ठोकलं तर झटका पूर्ण नळीला बसतो. आणि मुख्य म्हणजे ठोक्याला माप नसतं. चार ठोक्यांत काहीच हलत नाही, पाचव्यात दीड मिलिमीटर जातं.

तिसरा, ऑनलाइन मिळणारा साईट पुशर. फ्रेममध्ये पिस्तूल पकडायचं आणि स्क्रू फिरवून साईट ढकलायची. कुरिअर धरून २,३५० रुपये. वर्णनात लिहिलं होतं की सगळ्या पिस्तुलांना चालतो.

तो मी घेतला.

पहिला निर्णय आणि तो का फसला

पुशर आला तेव्हा दिसायला देखणा होता, काळा, चकचकीत. पण तो चपट्या बाजूंच्या स्लाईडसाठी, म्हणजे काही पिस्तुलांवर असतो तशा सरकत्या भागासाठी, बनवलेला होता. आमच्या पिस्तुलाची नळी गोल. चपट्या जबड्यांत गोल नळी दोनच रेषांवर टेकते, जोर आला की फिरते. मी रबराचे तुकडे लावून ती कशीबशी आवळली आणि स्क्रू फिरवला. साईट हलली नाही. ढकलणारा ठोकळा ॲल्युमिनियमचा होता, आट्यांत ढिला. तो तिरका होऊन वर चढला आणि पात्याच्या कडेला घासला. काळ्या पात्यावर नखाएवढा पांढरा ओरखडा उमटला. तो ओरखडा पाहून मला तो स्वतःच्या हातावरच उठल्यासारखं वाटलं.

वापरलेला म्हणून पुशर परत घेतला गेला नाही.

घेण्याआधी एक साधा प्रश्न विचारायला हवा होता: हे अवजार माझ्या पिस्तुलाला कुठे धरणार? किंमत, परीक्षणं, फोटो हे सगळं मी पाहिलं. नळीचा आकार आणि जबड्याचा आकार शेजारी ठेवून पाहिले नाहीत.

दुसरा निर्णय

छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला एका कारखान्याच्या टूलरूममधून, म्हणजे अवजारं घडवण्याच्या विभागातून, निवृत्त झालेले एक काका माझ्या ओळखीचे आहेत. इंडो जर्मन टूल रूममध्ये शिकलेले. छत्रपती संभाजीनगर जालन्यापासून साठेक किलोमीटर, सकाळच्या एसटीने गेलो. पिस्तुलाचं नाडीपरीक्षण व्हावं तसं त्यांनी ते हातात घेतलं, आधी छर्रा भरायचा बोल्ट उघडा आहे का पाहिला, हवेचा सिलिंडर काढलेला आहे का विचारलं. मी नळीत केशरी सेफ्टी फ्लॅग, म्हणजे नळी रिकामी असल्याची खूण, घालून आणला होता, तो त्यांना आवडला. मग भिंग लावून फ्रंट साईट पाहिली आणि विचारलं, "सर, हा ग्रब स्क्रू ढिला केला होता का तुम्ही?"

कुठला ग्रब स्क्रू?

पात्याच्या पुढे, साईटच्या पायात, रंग आणि धुळीने बुजलेलं एक छिद्र होतं. त्यांनी सुईने ते उकरलं. आत दीड मिलिमीटरच्या ॲलन कीने, म्हणजे षटकोनी चावीने, फिरणारा बिनडोक्याचा स्क्रू. साईट जागेवर धरून ठेवणारा तो हाच. पडताना बसलेला दणका त्याला पुरून उरला, पण माझ्या हाताच्या जोराला तो दाद देत नव्हता. म्हणजे विकत घेतलेल्या पुशरला मी जेवढा दोष दिला तेवढा त्याचा नव्हता. ग्रब ढिला असता तर कदाचित त्यानेही काम भागवलं असतं, ओरखड्यासकट.

"ठोकून बसवलेलं ठोकूनच निघतं असं नसतंय," काका म्हणाले. "आधी त्याला कुणी धरलंय ते बघावं लागतंय."

त्यांनी चहा होईपर्यंत कागदावर चित्र काढलं. वीस मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पट्टीतून कापलेली सी-आकाराची फ्रेम. खाली नायलॉनचा व्ही ब्लॉक, व्ही आकाराची खाच असलेला ठोकळा, म्हणजे गोल नळी त्यात आपोआप मधोमध बसते आणि ओरखडत नाही. बाजूने एम-८ चा, म्हणजे आठ मिलिमीटर जाडीचा, बारीक आट्यांचा बोल्ट, एका पूर्ण फेऱ्यात एक मिलिमीटर पुढे जाणारा. साध्या एम-८ बोल्टचा आटा सव्वा मिलिमीटरचा असतो, हिशेबाला गैरसोयीचा, म्हणून बारीक. बोल्टच्या डोक्याला चकती, तिच्यावर आठ खुणा. एक खूण म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग, टार्गेटवर साधारण साडेचार मिलिमीटर, छर्ऱ्याच्या व्यासाएवढं. बोल्टच्या पुढे पितळेचं टोक, मध्ये सायकलच्या बेअरिंगची गोळी, म्हणजे बोल्ट फिरला तरी टोक फिरत नाही, फक्त सरकतं. टोक डव्हटेलच्या कोनातच घासलेलं, त्यामुळे ते साईटच्या पायाला लागतं, पात्याला शिवत नाही.

मी कामाचे पैसे विचारले. लोखंड भंगारातलं, नायलॉनचा तुकडा त्यांच्याकडचाच. घासून-पुसून ८५० रुपये झाले. वर चांगल्या पोलादाच्या ॲलन की आणि स्क्रूड्रायव्हरच्या बिटचा संच १८० रुपयांचा घ्यायला लावला. स्वस्त की छोट्या ग्रबमध्ये गोल होऊन फिरते आणि मग तो स्क्रू ड्रिल करूनच काढावा लागतो. याबाबत त्यांनी मला दोनदा बजावलं.

काम

चार दिवसांनी अवजार हाती आलं. आम्ही काम केंद्रातच केलं, मुलांसमोर. ज्याच्या हातून पिस्तूल पडलं होतं त्याला व्हर्नियर धरायला दिला.

आधी रिअर साईट मध्यावर. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत क्लिक मोजल्या, चाळीस भरल्या. वीसवर आणून ठेवली. पाच गोळ्या मारल्या: गट ४१ मिलिमीटर उजवीकडे. मग नळी रिकामी केली, सिलिंडर काढला, फ्लॅग घातला. ग्रबच्या छिद्रात पातळ तेलाचा थेंब टाकून अर्धा तास थांबलो, ग्रब ढिला केला. डव्हटेलवर साईटच्या पायापासून ठोकळ्यावर पेन्सिलची एक बारीक रेघ मारली, म्हणजे काही बिघडलं तर परतीची वाट माहीत असावी.

पितळी टोक पायाला टेकेपर्यंत बोल्ट बोटांनी फिरवला, तिथे शून्य धरलं. अर्धा फेरा दिला. काही झालं नाही असं वाटलं, मग एक बारीक "टक" आवाज आला आणि पेन्सिलची रेघ मधून तुटलेली दिसली. मुलाने व्हर्नियर लावून वाचलं: सरकलेलं ०.४४. अर्धा फेरा म्हणजे ०.५ हवं होतं. बाकीचं फ्रेमच्या ताणात गेलं होतं. तेव्हा ठरवलं की चकतीच्या खुणा अंदाजासाठी, विश्वास व्हर्नियरवर. पुन्हा थोडं, पुन्हा मोजणं. १.०६ वर थांबलो.

पाच गोळ्या. गट केंद्राच्या उजवीकडे दोन-तीन मिलिमीटर, दहाच्या आत. ग्रब आवळला, त्याच्या आट्यांवर स्क्रू ढिला होऊ न देणाऱ्या निळ्या थ्रेड लॉकरचा टिपूस. उरलेली कसर रिअरच्या तीन क्लिकमध्ये गेली. नवी खूण पांढऱ्या रंगाने केली, यापुढे साईट हलली तर नुसत्या डोळ्यांनी दिसेल.

हे सगळं एअर पिस्तुलाबद्दल आहे. आमची पिस्तुलं ४.५ मिलिमीटरची, कमी ताकदीची, परवान्याच्या कक्षेबाहेरची आहेत. दारूगोळ्यावर चालणाऱ्या शस्त्राची दुरुस्ती शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे परवानाधारकाचंच काम आहे. कुणी परवान्याचं पिस्तूल घेऊन आमच्याकडे हे अवजार मागायला आलं तर आम्ही ते देत नाही.

निष्पत्ती

साईट एका दुपारी दुरुस्त झाली. मुलीची ग्रिप दुरुस्त व्हायला त्याहून खूप जास्त दिवस लागले. अंगठा सैल सोडण्याची सवय मीच तिच्या हाताला लावली होती, ती काढायला चार आठवडेही अपुरे पडले. जिल्ह्याच्या स्पर्धेत साठ गोळ्यांत तिने ५२८ केले. सुट्टीपूर्वी सरावात ती ५४५ च्या आसपास होती. पुढच्या निवडीला दोन गुणांनी हुकली. त्यानंतर दीड महिन्यात ती पुन्हा ५४० च्या पुढे गेली.

खर्चाचा हिशेब सांगायचा तर घरगुती अवजार आणि बिटचा संच मिळून १,०३० रुपये, त्याआधी न चालणाऱ्या पुशरवर २,३५०. ८५० रुपयांच्या फ्रेमने आजवर चारही पिस्तुलं तपासून झाली. दोन नंबरवर ती चालत नाही, कारण चेपलेल्या डव्हटेलमध्ये साईट सरकतच नाही. ते पिस्तूल पुण्यालाच जाईल.

पुन्हा वेळ आली तर

पिस्तूल बदलून पाहण्याची चाचणी पहिल्या दिवशी, मुलीच्या पहिल्या वाक्यानंतर लगेच. ती "उजवीकडे जातंय" म्हणाली होती, तिचं निरीक्षण अचूक होतं, आणि मी ते तिच्या अंगठ्यावर ढकललं.

अवजाराच्या आधी व्हर्नियर, भिंग आणि ॲलन की. साईटला कुणी धरून ठेवलंय हे पाहिल्याशिवाय ढकलायचं नाही. पुशर घ्यायचाच असेल तर दुकानदाराकडून जबड्याचं माप लिहून घ्यायचं आणि आपल्या नळीशी ताडायचं. आसपास टूलरूमचा माणूस नसेल तर पितळी पंच आणि व्ही ब्लॉकचा आधार घेऊन हलक्या हाताने, प्रत्येक ठोक्यानंतर मोजत हे काम करता येतं, असं काकांचंही मत आहे. मी तरी ते एकट्याने करणार नाही.

नियमातही बदल केला. साईटच्या स्क्रूला हात लावायचा नाही, हा नियम आहेच. पण दर सोमवारी प्रत्येक पिस्तुलाच्या दोन्ही साईटची मापं आता मुलंच वहीत लिहितात. वहीच्या शेवटच्या पानावर "पडलं / आपटलं" असा एक रकाना आहे, त्यात नाव लिहायची गरज नाही, फक्त पिस्तुलाचा नंबर आणि तारीख. पहिल्या महिन्यात तिथे दोन नोंदी झाल्या. एक माझ्या अक्षरात आहे.